शंका घ्या, पण नेमक्या आकड्यावर बोट ठेवून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करता, गुडघेदुखीच्या एका औषधावरचा शोधनिबंध वाचनात आला, चाचणी सुरू होताना काय मोजणार याची जी नोंदणी करतात तीत लिहिलेलं आणि छापलेलं यांचा मेळ बसेना. पण 'मी साधा एमबीबीएस, ते विद्यापीठातले प्राध्यापक, माझं कोण ऐकतंय' म्हणून गप्प बसलात. वर दोघांनी 'हे सगळं फार्मा कंपन्यांचं कारस्थान, डोकं शिणवू नका' असं सांगून विषय मिटवलाय. मला ना तुमचं गप्प बसणं पटत, ना त्यांचा सल्ला. पत्र लिहा. कसं, ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो.

२००९ चा पावसाळा आठवा. पुण्यात स्वाइन फ्लू, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, जो तो तोंडाला रुमाल बांधून, आणि टॅमीफ्लू ही त्यावरची गोळी मिळायची ती फक्त सरकारी यंत्रणेतून. ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला या साथीचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला. या गोळीबद्दल 'पण हिचा पुरावा काय?' असं त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर लोक अंगावर धावून आले असते.

नेमकं तेच जुलैमध्ये जपानमधल्या केइजी हायाशी नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, आणि तेही कंपनीला नाही, तर कॉक्रेनला. कॉक्रेन म्हणजे एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून, पारखून, एकत्र निष्कर्ष काढणारी संस्था. तिचा शब्द डॉक्टर मंडळी जवळजवळ अंतिम मानतात. तिची एक चांगली पद्धत आहे: वाचकाने आढाव्यावर हरकत घेतली की लेखकांनी उत्तर द्यायचं.

फ्लूच्या औषधांवरच्या कॉक्रेनच्या आढाव्यात म्हटलं होतं की टॅमीफ्लूने न्यूमोनियासारख्या गुंतागुंती कमी होतात. हायाशींनी त्या वाक्याचा आधार शोधला. तो निघाला २००३ चा एक निबंध. त्यात १० चाचण्यांची बेरीज होती. दहाही चाचण्या टॅमीफ्लू बनवणाऱ्या रोश कंपनीच्या पैशाने झालेल्या, आणि निबंधाच्या लेखकांत कंपनीचे नोकरही. त्या दहांपैकी वैद्यकीय नियतकालिकात रीतसर छापून आलेल्या चाचण्या फक्त २. मग उरलेल्या ८ तुम्ही तपासल्यात कशा? हायाशींच्या हरकतीचा गाभा एवढाच.

आढाव्याचे प्रमुख टॉम जेफरसन यांनी हात झटकले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांनी मूळ लेखकांकडे आकडे मागितले. आमच्याकडे फायली नाहीत, कंपनीला विचारा, असं उत्तर आलं. कंपनीने गुप्ततेच्या करारावर सही मागितली. शेवटी डिसेंबर २००९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सुधारित आढावा आला. त्यात त्या ८ चाचण्या वगळल्या होत्या आणि गुंतागुंती कमी होण्याचा दावा टिकला नव्हता. पुढे बीएमजेने या मागणीचा पत्रव्यवहारच जगजाहीर केला. २०१३ मध्ये रोशने चाचण्यांचे संपूर्ण अहवाल दिले; इतरांकडून आलेली कागदपत्रं धरून दीड लाखाच्या वर पानं. ती चाळून एप्रिल २०१४ मध्ये जो निष्कर्ष निघाला तो असा: मोठ्या माणसांत फ्लूची लक्षणं ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत ओसरतात, रुग्णालयात भरती होणं टळतं याला भरवशाचा पुरावा नाही, मळमळ-उलट्या मात्र वाढतात. तोवर एकट्या ब्रिटनने या गोळीच्या साठ्यावर ४२ कोटी पौंडांहून अधिक खर्च केले होते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून तिला पूरक यादीत खाली आणलं.

इथे थांबून दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर 'टॅमीफ्लू म्हणजे फसवणूक' असा मेसेज उद्या व्हॉट्सॅपवर फिरायचा. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच चाचण्यांचं वेगळं विश्लेषण आलं. त्यात फ्लूची लागण खरोखर झालेल्यांत औषधाचा फायदा थोडा जास्त दिसला. त्या कामामागे पुन्हा रोशचं अनुदान होतं, त्यावरही वाचकांनी पत्रं लिहिली, तो वाद पुरता मिटलेला नाही. शिवाय या चाचण्या बहुतेक घरी राहून बरं होणाऱ्या, एरवी धडधाकट माणसांवरच्या. नायडूमध्ये धाप लागून आलेला पेशंट त्यात नव्हताच. तेव्हा २००९ मध्ये ज्यांनी ती गोळी दिली त्यांनी हातात होतं ते पाहून योग्यच केलं, असं माझं मत आहे.

आता हायाशींच्या पत्रातली खुबी बघा. कुणाला चोर म्हटलेलं नाही, हेतूवर आरोप नाही. कुठलं वाक्य, ते कशावर उभं आहे आणि तिथे काय दिसत नाही, हे सांगितलं. लेखकाला एकतर आकडे दाखवावे लागतात, नाहीतर 'आमच्याकडे नाहीत' असं कबूल करावं लागतं. 'नमुना लहान आहे, अधिक संशोधन हवं' हे तर कुठल्याही निबंधाखाली डोळे झाकून लिहिता येतं. ते वाचायला संपादकाला वेळ नसतो.

आकडे तपासायला मोठं गणित लागतंच असं नाही. समजा २० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाने दुखण्याला ० ते १० मधला पूर्णांक दिला. सरासरी छापलीय ३.४७. वीसने गुणा: ६९.४. पूर्णांकांची बेरीज ६९ येईल, ७० येईल, ६९.४ कशी येणार? वीस जणांची सरासरी ३.४५ किंवा ३.५० असू शकते, मधलं काही नाही. तेव्हा एकतर कुणी मध्येच गळलंय, नाहीतर आकडा चुकलाय. या युक्तीला ग्रिम चाचणी म्हणतात, पाचवीतला मुलगाही करेल.

करोनावर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही मलेरियाची गोळी देण्याबद्दल २०२० मध्ये लॅन्सेटमध्येच आलेल्या निबंधातही असाच आकडा जुळेना. आपल्याकडे तेव्हा आयसीएमआरच्या सल्ल्याने आरोग्य कर्मचारी त्याच गोळ्या घेत होते. निबंधात ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. पण ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू दाखवले होते, आणि त्या तारखेला अख्ख्या देशातले करोना मृत्यू होते ६७. २२ मे रोजी छापलेला निबंध ४ जूनला मागे घेतला गेला.

तरी अपेक्षा माफक ठेवा. पाच नामांकित नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या काही ब्रिटिश संशोधकांनी नोंदणीशी ताडून पाहिल्या. फक्त ९ चोख निघाल्या. उरलेल्या ५८ वर त्यांनी पत्रं पाठवली, छापली गेली २३. ऑक्सफर्डच्या माणसांची ही गत, तर तुमचं-आमचं पत्र परत आलं म्हणून मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

तुमच्या बाबतीत काम सोपं आहे. तुम्ही लिहिलंय की सीटीआरआयच्या, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतल्या, नोंदीत मुख्य निष्कर्ष म्हणून (म्हणजे मुख्यतः काय मोजायचं ठरलं होतं ते) २४ आठवड्यांनंतरचं चालणं होतं, आणि निबंधात मथळ्याला ६ आठवड्यांनंतरच्या वेदना आहेत. झालं तुमचं पत्र. नोंदणी क्रमांक द्या. त्या नोंदीतला जुन्या बदलांचा इतिहास उघडून मुख्य निष्कर्ष मध्ये कधी बदलला का ते पाहा. बदलला असेल तर ती तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख, दोन्ही द्या. मग एकच प्रश्न विचारा: २४ आठवड्यांचे आकडे कुठे आहेत? औषधाची किंमत, लेखकांच्या कंपनीबरोबरच्या परदेशवाऱ्या, तुमच्या पेशंटांचे अनुभव, यातलं काहीही नको. जागाही नसते: लॅन्सेट २५० शब्द देतं आणि छापल्यापासून दोन आठवड्यांची मुदत, न्यू इंग्लंड जर्नल १७५ शब्द आणि तीन आठवडे. बीएमजेला ऑनलाइन प्रतिसाद पाठवता येतो. तुमच्या नियतकालिकाचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मुदत टळून गेली असेल तर पहिल्या पानाच्या तळाशी लेखकाचा ईमेल असतो, तिथे हाच प्रश्न पाठवा. चार आठवड्यांत काही आलं नाही तर संपादकांना तोच मेल पुढे ढकला, तुमच्या पहिल्या मेलची तारीख तशीच ठेवून. सोबत पबपीअर या शोधनिबंधांवर चर्चा करायच्या संकेतस्थळावर त्या निबंधाखाली टाका, तिथे नाव न देताही लिहिता येतं आणि निबंध शोधणाऱ्याला ते दिसतं. पाठवण्याआधी मसुदा हवा तर मला दाखवा, पण तक्ता क्रमांकासकट.