गालिचा घ्यावा, पण ठेवीच्या जागी नव्हे

आपण दोघेही साठी ओलांडलेले, निवृत्त असून नाशिकच्या गंगापूर रोडला राहता, मुदत ठेवीचे सहा लाख रुपये पुढील महिन्यात हाती येत आहेत आणि त्यांतील चार लाखांचे दोन जुने तुर्कमेन, म्हणजे मध्य आशियातील तुर्कमेन टोळ्यांनी विणलेले, गालिचे घ्यावेत का, असे आपण विचारले आहे; दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल, असे विक्रेता सांगतो. गुंतवणूक म्हणून ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गालिच्याला व्याज नाही, भाडे नाही आणि सोन्यासारखा रोजचा भावही नाही. येवल्याची पैठणी आपण हौसेने घेतो, पण तिची मोड धरून म्हातारपणाचा हिशेब मांडत नाही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत लाल पार्श्वभूमीवर अष्टकोनी ‘गुल’च्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठशासारख्या आकृतीच्या, रांगा आहेत. तेक्के या तुर्कमेन टोळीची ही नक्षी देखणी आहेच. मात्र ‘बुखारा’ या व्यापारी नावाने ती पाकिस्तानातही मोठ्या प्रमाणावर विणली गेली, त्यामुळे केवळ नक्षीवरून टोळी किंवा वय ठरत नाही. गालिचा उलटा करून पाहावा. टोळ्यांच्या जुन्या कामात ताणाही (विणीतले उभे धागे) बहुधा लोकरीचा असतो आणि टोकाच्या दशा म्हणजे त्याच ताण्याचे उरलेले धागे. सुती ताणा किंवा वरून शिवलेली झालर दिसली, तर खुलासा मागावा. लोकर थोडी थोडी रंगवली जात असल्याने लाल रंगाची छटा मध्येच बदललेली दिसते. तो दोष नव्हे. मला तर त्यातच विणणारीचा हात दिसतो.

गालिचा शंभर वर्षांहून जुना असल्याचा दावा खरा असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे तो आपल्याला परदेशी विकता येणार नाही, म्हणजे गिऱ्हाईक देशातच शोधावे लागेल. शिवाय नाशिकच्या पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या लोकरीला कसर लागते, आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

त्यापेक्षा चार लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. मुदत पाच वर्षांची आणि व्याज दर तिमाहीला. दीड लाख आजारपणासाठी बँकेत राहू द्यावेत. उरलेल्या पन्नास हजारांत एखादा लहान गालिचा मनापासून आवडला, तर अवश्य घ्यावा आणि वापरावा. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारावे की महिन्याभराने गालिचा परत आणल्यास तुम्ही किती रक्कम द्याल, आणि उत्तर लेखी घ्यावे.