मुलीचा आणि नवऱ्याचा, दोघांचाही कान दुखतोय. एकच ड्रॉप्स चालतील का?

सर्दीनंतर तीन वर्षांच्या मुलीचा कान ठणकतोय, नवऱ्याचा पोहून आल्यापासून दुखतोय, घरात जुने ड्रॉप्स आहेत आणि सासूबाई लसणीचं तेल सांगतायत, असं तुम्ही लिहिलंय. ड्रॉप्स नकोत, तेलही नको. दोघांचं दुखणंच वेगळं दिसतंय. मी डॉक्टर नाही, कोथरूडला मेडिकल चालवतो. "कानाचे ड्रॉप्स द्या" म्हणणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारतो. काहींना रागही येतो.

खंडाळ्याच्या घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात ना? ते काम नाकाच्या मागून मधल्या कानात जाणाऱ्या नळीचं. लहान मुलांत ही नळी आखूड, अरुंद आणि बरीच आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, पडद्यामागे पाणी साचतं, त्यात जंतू वाढले की कान ठणकतो. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेलं औषध तिथे पोचतच नाही. आराम पडतो तो पॅरासिटामॉलने, तेही वजनाप्रमाणे. बाटली मात्र वाचून घ्या. हेच सिरप ५ मिलीत १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, त्यामुळे शेजारणीचा "एक चमचा" तुमच्या बाटलीतून दुप्पट होऊ शकतो.

दोन वर्षांवरच्या मुलाचा त्रास सौम्य असेल तर डॉक्टर कान बघून दोन-तीन दिवस थांबायला सांगू शकतात. ती टाळाटाळ नव्हे. बरेच कान अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. दुखणं एकदम थांबून पू आला तर पडद्याला भोक पडलंय असं समजा. बहुतेकदा ते आपोआप भरतं, पण दाखवायला हवंच.

आता नवरा. कान हलकेच ओढल्यावर किंवा कानापुढचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ येते का बघा. आली तर बहुधा बाहेरच्या नळीची कातडी सुजलीय. पोहल्यावर पाणी राहतं, मग माणूस बड घालून कोरतो आणि ओरखड्यातून जंतू शिरतात. इथे ड्रॉप्स लागतात, पण कुठले ते कान पाहिल्याशिवाय ठरत नाही. पावसाळ्यात कानाला खाज सुटलेल्यांच्या चिठ्ठ्यांवर मला बरेचदा बुरशीचं औषध दिसतं. अशा कानात नुसते अँटिबायोटिक ड्रॉप्स घातले तर बुरशी आणखी फोफावते. पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिनसारख्या ड्रॉप्सने ऐकू येणंही कमी होऊ शकतं. नवऱ्याला मधुमेह असेल तर एक दिवसही काढू नका, त्यांच्यात हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, गरगरणं, मान आखडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी ससून किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

मुलीचं दुखणं थांबल्यावरही पडद्यामागचं पाणी काही आठवडे राहू शकतं. ती टीव्हीचा आवाज वाढवायला लागली किंवा हाकेला ओ देईनाशी झाली तर लगेच हट्टीपणा समजू नका. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या.