दुसऱ्याच्या गाण्यातली आपली जागा

प्रश्न : मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन वाजवतो, अधूनमधून रेकॉर्डिंगलाही जातो. तिथं आमचं नाव कुठंच लागत नाही. एक मित्र सारखा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) वाजवणाऱ्या सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसचं उदाहरण देतो. दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून त्यानं नाव कसं कमावलं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्रानं माणूस अगदी योग्य सांगितला. कर्टिस टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा, जन्म १९३४चा. जॅझवादक लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये वाजवून तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत शिरला. १९५८ साली ‘द कोस्टर्स’ या गायकसमूहाच्या ‘याकेटी याक’ गाण्यामध्ये त्यानं कोंबडीनं दाणे टिपावेत तसे तुटक, ठसकेबाज स्वर वाजवले. मग तसाच सॅक्स सगळ्यांना हवा झाला.

मी शिकवताना मात्र आधी गायिका अरिथा फ्रँकलिनचं १९६७चं ‘रिस्पेक्ट’ ऐकवतो. गायक ओटिस रेडिंगच्या मूळ गाण्यात मधला भागच नव्हता. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या मंडळींनी तो नव्यानं घातला, त्यासाठी कॉर्ड दुसऱ्याच गाण्यातून उचलले, पट्टीही बदलली. त्या अनोळखी पट्टीत कर्टिस येतो. वीस सेकंदही मिळत नाहीत त्याला! तेवढ्यात गाणं पेटवतो आणि अरिथाच्या हाती परत देतो. हा तुकडा नोटेशनमध्ये उतरवून काढा. श्वास कुठं घेतलाय, तेही लिहा.

आता नावाचं. स्टुडिओची कामं घेतानाही त्यानं स्वतःचा बँड कधी सोडला नाही. १९६२ साली त्याचं ‘सोल ट्विस्ट’ रिदम अँड ब्लूज संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. मार्च १९७१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहामध्ये अरिथामागं उभा होता तो त्याचाच बँड. त्याच वर्षी जॉन लेननच्या ‘इमॅजिन’ अल्बमसाठीही तो वाजवून गेला. अल्बम सप्टेंबरात आला. कर्टिसला १३ ऑगस्टलाच न्यूयॉर्कमध्ये राहत्या घरासमोर कुणी भोसकलं होतं. ३७ वर्षांचा होता. हे लिहितानाही मला फार वाईट वाटतं.

तुम्हीही आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःच्या चार वादकांसाठी राखा. श्रेयात नाव हवं, हे मानधन ठरवतानाच बोला. रेकॉर्डिंग झाल्यावर कुणी ऐकत नाही. आणि जून १९७१मधलं स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचं कर्टिसचं रेकॉर्डिंग मिळवा. पियानोवर ब्लूजवाला चॅम्पियन जॅक डुप्री आहे. तो ब्लूजच्या बारा बारच्या (मात्रांच्या बारा गटांच्या) आवर्तनाचा हिशेब पाळेलच असं नाही, आणि कर्टिस त्याला कसा सांभाळून घेतो, ते नीट ऐका.