रोटाव्हेटरचा तासाचा दर काढताना

भाड्याने रोटाव्हेटर चालवायला शेजारचा तासाला हजार घेतो म्हणून आपणही हजार, असं करू नका. आधी डिझेल मोजा. सपाट जागेवर टाकी गळ्यापर्यंत भरा, पाच तास रोटाव्हेटर चालवा, पुन्हा त्याच जागी गळ्यापर्यंत भरा. पंचेचाळीस एचपीला तासाला साडेपाच लिटर लागलं आणि भाव ९२ रुपये धरला, तर ५०६ रुपये इथेच गेले.

पुढचा घसारा, म्हणजे वापराने ट्रॅक्टरची घटणारी किंमत, विसरणारे फार. आठ लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षांनी तीन लाखांना गेला आणि वर्षाला ६०० तास चालला, तर तासाला ८३ रुपये झिजले. व्याज-विम्याचे वर्षाचे साठ हजार धरले तर आणखी १००. ड्रायव्हरची हजेरी आठ तासांनी भागू नका, ट्रॅक्टरच्या तास मोजणाऱ्या मीटरवर पडतात त्या पाच-सहा तासांनीच भागा. पाती, ऑइल, फिल्टर, रोटाव्हेटरची झीज धरून दोनशे. बेरीज हजाराच्या आसपास जाते, आणि यात तुमचा नफा अजून नाहीच!

मुरमाड रानात पाती लवकर झिजतात. पात्याचं टोक बोथट होऊन रुंदी निम्म्यावर आली की ट्रॅक्टर ओढ घेतो, डिझेल वाढतं. अशा रानाचा दर वेगळाच सांगा.

जुन्या यांत्रिक मीटरचा तास इंजिनच्या फेऱ्यांवर पडतो. रेस जास्त तर तास लवकर. म्हणून मीटरचा तास की घड्याळाचा, हे शेतात उतरण्याआधी बोला. सुरुवातीचं रीडिंग शेतकऱ्याला दाखवून वहीत लिहा. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात वळणंच जास्त, तिथे किमान एक तासाचे पैसे ठरवा.