मर न लागणाऱ्या चन्याला मर लागली तर डबल डोस मारू नका

प्रश्न: उमरेड, कुही भागातून एकच विचारणा येतेय. जॅकी 9218 हे चन्याचं वाण मरीला (जमिनीतल्या बुरशीनं झाड वाळवणारा रोग) टिकते म्हणून पेरली, तरी चना जागोजागी वाळतोय, कृषी केंद्रवाले म्हणतात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची डबल डोसनं आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. करू का?

उत्तर: नका करू भाऊ. बुरशी मुळातून खोडाच्या नळ्यांत शिरलेली असते, वाळलेलं झाड डबल काय अन् चौपट काय, कशानंच उठत नाही. दुकानदाराला स्टॉक काढायचा आहे, तुमचा चना नाही वाचवायचा.

आधी झाड मुळासकट उपटून उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर. मूळ कोरडं पडून तटकन तुटलं तर ती कोरडी मूळकूज, घाटे भरताना उन्हाचा ताण बसला की येते. मरीला टिकणारं वाण मूळकुजीला टिकेलच असं नाही, अन् निम्म्या तक्रारी इथेच चुकतात.

खरंच मर असेल तर वाण का हरलं? झाडातला रोगप्रतिकारक जीन, म्हणजे पिढीजात गुण ठरवणारा घटक, गेटवरच्या चौकीदारासारखा असतो, ठराविक चोराचाच चेहरा ओळखतो, चोरानं मिशी काढली की तो आत. फुलं येणाऱ्या झाडांत असे जीन शेकड्यानं असतात, क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) एकमेकांना लागून, त्यांच्या कॉप्या होतात, तुकडे आपसात बदलतात, काही बाद होतात, एखादा नवीन बुरशी ओळखायला शिकतो. पण झाडाला याला हजारो वर्षं लागतात अन् बुरशी एका हंगामात अगणित बीजाणू सोडते, त्यात आपण गावभर दरवर्षी तेच वाण पेरतो, म्हणजे तिचं काम आपणच सोपं करतो. गव्हात हेच झालं, राय नावाच्या गव्हासारख्या धान्यातून (मोहरीची राई नव्हे) आणलेला, तांबेरा या बुरशीरोगाला अडवणारा एक जीन जगभराच्या वाणांत होता, युगांडात 1999 च्या सुमारास त्याला चकवणारा तांबेरा निघाला. चन्याच्या मरीचेही भारतात एकाहून जास्त प्रकार आहेत.

आता कामाचं. मरीची बुरशी चना नसला तरी जमिनीत सहाएक वर्षं राहते, अन् तूर, मसूर, वाटाण्याच्या मुळात काही न दिसता जगते. म्हणून तूर घेतली म्हणजे फेरपालट झाली असं समजू नका. ज्वारी घ्या, गहू घ्या, माझं विचाराल तर जवस घ्या, आपल्या भागाचं जुनं पीक आहे, लोकांनी उगाच सोडलं. अन् गंमत म्हणजे झाडाचा एक जीन अन् बुरशीचा एक जीन अशी जोडी असते हे फ्लोर या शास्त्रज्ञ साहेबांनी अमेरिकेत 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावरच दाखवलं.

पुढच्या पेरणीला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी बियाण्याला किलोला 4-5 ग्रॅम चोळा, शेणखतातही मुरवून टाका. पण त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम लावू नका, ट्रायकोडर्मा मरते! दुकानदार दोन्ही पुड्या एकत्र देतो, घेऊ नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमीन तापलेली असताना घाई करून पेरलं की मर वाढते, तेही टाळा. अन् घरचं बियाणं मर लागलेल्या वावरातलं ठेवूच नका.

प्रमाणित बियाण्याचं अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागते, बाकी सहायकाला विचारा. कृषी ऑफिसला येताना मोबाईलमधला फोटो नको, मुळासकट झाड आणा.