जळगावात आधी व्याख्यान आणि मग झकास जेवण, असा बेत जमतो का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात ऑफिसच्या कामाने महिनाभर जळगावला आहे, एखाद्या संध्याकाळी डोक्याला खाद्य देणारं व्याख्यान आणि वर चांगलं जेवण मिळेल का, की इथे नुसतं सोनं आणि केळीच.

जमेल की भो. फक्त क्रम चुकवू नका. मी एकदा शेवभाजी हाणून व्याख्यानाला गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसून घोरलो, बायको अजून काढते.

कार्यक्रम पेपरच्या लोकल पानावर बघायचे, कांताई सभागृह, व. वा. वाचनालय अशी नावं दिसतील. वेळ साडेसहाची असली तरी शाल, नारळ, दीपप्रज्वलन धरून सव्वासातला पोचलात तरी चालतं. तत्त्वज्ञान आवडत असेल तर एखाद्या दिवशी रेल्वेने अमळनेरला चक्कर मारा, प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान केंद्र तिथलंच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही ऐकलं ते भूजलावर होतं. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा बझाडा म्हणून पट्टा आहे, यावल-रावेरकडचं पाणी तिथून मुरतं आणि खाली आपण ते बोरवेलने उपसून केळीला देतो, हे सांगता सांगता वक्ता मध्येच थांबला आणि म्हणाला, तुमच्या आजोबांच्या विहिरीला किती फुटांवर पाणी होतं? कोणी बोलेना. मग मागून एक धोतरवाले आबा उठले, "बापाच्या टायमाले साठ फुटावर पानी होतं, आता सहाशेबी पुरत नही." आधी लोक हसले, मग सगळं सभागृह गप.

तिथून आम्ही आसोद्याकडे मित्राच्या शेतात, भरीत पार्टीला. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात ती हिरवी पांढुरकी मोठी वांगी (जळगावच्या भरीत वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही), आणि वांगी भाजेपर्यंत दुसरं काम नाही म्हणून वाद पेटला. मित्र म्हणे पाणी वाचवायला मी ड्रिप (ठिबक) लावलंय, अजून काय करू. दुसरा म्हणे वाचलेल्या पाण्यावर तू दोन एकर केळी वाढवली, मग वाचलं काय? याचं उत्तर मित्राकडे नव्हतं, खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. तेवढ्यात त्याची आई ओरडली, "भांडन मंग करा, आधी वांगे फिरवा!" चार वांगी एका बाजूने कोळसा झाली होती. उरलेली सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी.

तुमच्या ओळखीत कोणाचं शेत नसेल तर थंडीत भरीत सेंटरवर किलोने मिळतं, पुऱ्यांसोबत घ्या. पण पुण्याचे दिसताय म्हणून सांगतो, मिरची कमी हे ऑर्डर देतानाच सांगा, नंतर उपयोग नाही, ती ठेचलेली असते.