'पुढे चाल' नेमकी कधी?

प्रश्न असा आहे: प्रतिस्पर्धी संघाने माघार घेतली तरी बातमीत 'पुढे चाल', आणि सोडतीत प्रतिस्पर्धीच वाट्याला आला नाही तरी 'पुढे चाल'. दोन्हीकडे हाच शब्द चालेल का?

चालेल. 'पुढे चाल' म्हणजे सामना न जिंकता पुढच्या फेरीत जाणं; का गेला, हे त्या शब्दात नाही. माघारीमुळे मिळते ती इंग्रजीत 'वॉकओव्हर', सोडतीमुळे मिळते ती 'बाय'. वॉकओव्हर मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला. एकच घोडा उरला, तर त्याने धावपट्टी नुसती चालत पार करायची. बाय म्हणजे सोडतीत जोडीदार न मिळणं. त्यामुळे मराठीत 'पुढे चाल' लिहिताना कारण सोबत द्यावंच लागतं.

एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेचा पहिला हंगाम, १८७१-७२, बघा. संघ १५, म्हणजे विषम. म्हणून हॅम्पस्टेड हीदन्सना पहिल्या फेरीत बाय. हॅरो चेकर्सनी माघार घेतली, वाँडरर्सना वॉकओव्हर. पुढे वाँडरर्स आणि क्रिस्टल पॅलेस बरोबरीत सुटले, तर दोघांनाही पुढच्या फेरीत धाडलं! बाद फेरीत कुणीच बाद नाही. ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने तर कहरच केला: एकही सामना न खेळता थेट उपांत्य फेरी. तिथे वाँडरर्सशी ०-० बरोबरी झाली, पण फेरसामन्यासाठी पुन्हा लंडनचा खर्च झेपेना, म्हणून त्यांनी माघार घेतली. वाँडरर्सना परत पुढे चाल. अंतिम फेरीपर्यंत या पठ्ठ्यांनी खेळून जिंकलेला सामना एकच, क्लॅपहॅम रोव्हर्सविरुद्धचा.

१६ मार्च १८७२ ला केनिंग्टन ओव्हलवर त्यांनी रॉयल इंजिनिअर्सना १-० हरवलं. गोल मॉर्टन बेट्सचा, पण तो खेळला 'ए. एच. चेकर' या नावाने, म्हणजे 'हॅरो चेकर्सवाला एक'. ज्या संघाने पहिल्याच फेरीत माघार घेतली, त्याचं नाव असं गोल करणाऱ्याच्या नावात आलं.

या सगळ्या प्रकारांना 'पुढे चाल' खपून जाते, बरोबरीनंतर दोघांना मिळालेलीसुद्धा. पुढच्या हंगामात मात्र गतविजेते म्हणून वाँडरर्स एकदम अंतिम सामन्यातच उतरले. स्पर्धेच्या नावातच 'चॅलेंज' होतं. बाकीच्यांनी आपसात लढून आव्हानवीर ठरवायचा. तिथे 'पुढे चाल' लिहू नये. पुढे जायला त्या संघाच्या वाट्याला आधीची फेरी तरी असावी लागते. 'थेट अंतिम फेरीत प्रवेश' म्हणा.